अनुदानाच्या यादीत नाव कोणाचं, पेरतं कोण?

मक्यातला_मुक्काम

अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एका लहानशा काउंटीत, म्हणजे इथल्या जिल्ह्यात, आम्ही नऊ वर्षं राहतोय. डि मॉईन शहरापासून गाडीने तासाभराचं अंतर. चहूकडे मका आणि सोयाबीन, मधून मैला-मैलावर सरळ आखलेले खडीचे रस्ते. मी धान्य साठवणाऱ्या एका सहकारी संस्थेत हिशेब लिहितो. सप्टेंबरअखेरपासून काट्यावर ट्रकांची रांग लागते. माल एकच माणूस घेऊन येतो, पण पावतीवर कधी दोन नावं असतात, कधी पाच. कोणत्या रानातला माल आणि त्यात कोणाचा किती वाटा, हे सगळं लिहावं लागतं. या पावत्या लिहिता लिहिताच मला अनुदानाचा विषय कळायला लागला.

इथे कोणत्या शेतकऱ्याला सरकारकडून किती पैसे मिळाले, हे कोणालाही बघता येतं. इन्व्हायर्नमेंटल वर्किंग ग्रुप या संस्थेने सरकारी नोंदी मागवून 1995 पासूनची यादी काउंटीवार इंटरनेटवर ठेवली आहे. पहिल्या वर्षी मी ती उघडली आणि रात्री उशिरापर्यंत वाचत बसलो. दुकानात भेटणारी, चर्चबाहेर हात हलवणारी माणसं आणि त्यांच्या नावापुढे डॉलरचे आकडे. बरीचशी नावं मात्र मी कधीच ऐकली नव्हती.

आधी पद्धत सांगतो, कारण आपल्याकडे 'अमेरिका शेतकऱ्याला भरमसाट सबसिडी देते' इतकंच बोललं जातं. मका, सोयाबीन, गहू, कापूस, भात, भुईमूग अशा ठरावीक पिकांना कायद्याने एक संदर्भ भाव ठरलेला आहे. 2014 च्या कायद्यात मक्याला बुशेलमागे (बुशेल हे धान्याचं इथलं माप) 3.70 डॉलर आणि सोयाबीनला 8.40 डॉलर होता, 2025 च्या कायद्याने तो 4.10 आणि 10 डॉलर केला. वर्षाचा सरासरी बाजारभाव त्याच्या खाली गेला की फरक मिळतो. पण तो मिळतो कशावर? यंदा पेरलेल्या एकरांवर नाही. प्रत्येक शेताच्या नावाने जुन्या पेऱ्यावरून 'बेस एकर' नोंदलेले असतात, त्यावर. समजा शेताला मक्याचे 100 बेस एकर आहेत, नोंदलेला उतारा एकरी 150 बुशेल आहे आणि भावात 20 सेंटचा फरक पडला. पैसे 85 टक्के एकरांवर मिळतात, म्हणजे 2,550 डॉलर. त्या रानात यंदा सगळं सोयाबीन असलं तरी मक्याचे हे पैसे मिळतात. हक्क रानाला चिकटलेला आहे.

आता मुद्द्यावर येतो. आयोवातली अर्ध्याहून जास्त शेतजमीन भाड्याने कसली जाते. दोन-तृतीयांश जमिनीचे मालक 65 वर्षांच्या पुढचे आहेत, त्यातले कितीतरी दुसऱ्या राज्यात राहतात. आमच्या संस्थेत येणारा एक शेतकरी आहे, पन्नाशीतला. स्वतःचे 160 एकर, बाकी सातशेच्या वर सहा मालकांकडून घेतलेले. कायदा असा आहे की रोख भाडं असेल तर धोका कसणाऱ्याचा, म्हणून अनुदान कसणाऱ्याला, आणि पीक वाटून घ्यायचा करार असेल तर अनुदानही त्याच प्रमाणात वाटून. कागदावर हे न्याय्य आहे. पण पैसे आले की पुढच्या करारात मालक भाडं वाढवून मागतो. या माणसाच्या एका मालकिणीने, जी ॲरिझोनात असते आणि कित्येक वर्षांत इकडे फिरकलेली नाही, अनुदान आलं त्याच वर्षी एकरी भाडं वाढवलं. तो मला म्हणाला, "चेक माझ्या नावाने येतो आणि मी तो पुढे पाठवतो." अर्थशास्त्रज्ञांनी हे मोजलंही आहे. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डॉलरमागे साधारण पाव डॉलर भाड्यातून मालकाकडे जातो असं निघालं.

हे लिहायला बसलो त्याचं खरं कारण घरचं आहे. माझं गाव बार्शी तालुक्यात. वडिलांच्या नावावर चार एकर. मी इकडे आलो, वडिलांचे गुडघे गेले, तेव्हापासून शेजारचे तात्या ती जमीन अर्ध्या वाट्याने करतात. पीएम किसानचे 2,000 चे हप्ते वडिलांच्या खात्यात पडतात, नमो शेतकरीचेही. वर्षाचे 12,000. तात्यांच्या नावावर गुंठाही नाही, त्यांना शून्य. मी इथे ॲरिझोनाच्या बाईंवर चिडत होतो आणि एक दिवस लक्षात आलं की त्या गोष्टीतले मालक आमच्या घरात आहेत. तुमच्याकडे काय आहे, लिहा. वाद घातला तरी चालेल.

---

लातूरकर

दहा डॉलर बुशेलला. सोयाबीनचा बुशेल 27.2 किलोचा, म्हणजे क्विंटलला साधारण पावणेसदतीस डॉलर. डॉलरला 85 रुपये धरले तर 3,100 च्या आसपास. आपला 2025-26 चा हमीभाव 5,328. हे वाचून कोणी म्हणेल की आपलाच शेतकरी मजेत आहे. पण तिथे एकरी पंधरा-सोळा क्विंटल पिकतं, आमच्या कोरडवाहूत पाच-सहा पडले तर बरं म्हणायचं. आणि हमीभाव जाहीर होतो फक्त. मोंढ्यात त्याच्या खाली सौदा होतो तेव्हा फरक खात्यात टाकणारं कायमचं कलम आपल्या कायद्यात नाही. त्यांच्याकडं आहे, हा खरा फरक आहे.

2023 च्या खरिपाचं एकदा दिलं सरकारनं, सोयाबीन-कापसाला हेक्टरी 5,000, दोन हेक्टरपर्यंत. आमचं खातं सामाईक, चार भावांचं. ना-हरकत पत्रावर एका चुलत्याची सही मिळंना, म्हणून ते पैसे लांबले ते लांबलेच. कापणी मी केली, रास मी केली, सही पुण्यातल्या माणसाची पाहिजे.

---

वर्धेकाठ

अमेरिकेच्या कापसाचं नाव निघालं की आमच्या भागात जुनी जखम उघडते. ब्राझीलने 2002 मध्ये जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली की अमेरिकेच्या कापूस अनुदानामुळे जगाचा भाव पडतो, आणि ब्राझील जिंकलं. 2014 मध्ये अमेरिकेने 300 दशलक्ष डॉलर देऊन ते भांडण मिटवलं. पैसे ब्राझीलच्या कापूसवाल्यांना मिळाले. त्याच पडलेल्या भावात विदर्भातल्या माणसानेही कापूस विकला होता, त्याचं नुकसान कोणी मोजलं नाही.

माझे वडील शेतकरी संघटनेत होते. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा मी शाळेच्या वयात ऐकली. शरद जोशी उणे अनुदान म्हणायचे. निर्यातबंदी घालून, आयात करून भाव पाडायचा आणि मग त्यातलेच थोडे खात्यात टाकायचे. ऑगस्ट 2025 मध्ये कापसावरचं 11 टक्के आयातशुल्क काढलं, ते वर्षाअखेरपर्यंत शून्य ठेवलं. आमचा कापूस बाजारात येतो त्याच महिन्यांत. वर्षाचे 12,000 आणि क्विंटलमागे पडलेला भाव यांची वजाबाकी प्रत्येकाने आपल्या घरी करून बघावी. मला यादीत नावच नको, भाव द्या.

---

मक्यातला_मुक्काम

@वर्धेकाठ, तुमच्या वडिलांचं म्हणणं मला पटतं, पण एक सांगतो. आमच्या संस्थेत येणारा प्रत्येक जण हेच बोलतो. 2018 मध्ये चीनने सोयाबीनवर शुल्क लावलं, भाव कोसळला, तेव्हा सरकारने सोयाबीनला बुशेलमागे 1.65 डॉलर भरपाई दिली आणि मक्याला 1 सेंट. एक सेंट! आमच्या काट्यावर दिवसभर तोच विषय होता. आणि त्या दिवसांत हेच वाक्य ऐकलं, आम्हाला चेक नको, गिऱ्हाईक परत आणा. गिऱ्हाईक ब्राझीलकडे गेलं ते पुरतं परत आलं नाही.

2019 मध्ये पद्धत बदलली. पिकावर नाही, काउंटीवर दर ठरवला, एकरी 15 ते 150 डॉलर. ज्यांची रानं दोन काउंट्यांच्या सीमेवर आहेत त्यांना रस्त्याच्या अलीकडे एक दर आणि पलीकडे दुसरा. माती तीच, पाऊस तोच, ट्रॅक्टर तोच.

---

लातूरकर

हे तर आमचं महसूल मंडळच झालं! पीकविम्याचं उंबरठा उत्पादन, म्हणजे ज्याच्या खाली पीक गेलं तरच भरपाई मिळते ते, मंडळाचं धरतात. पीक कापणी प्रयोग ज्या प्लॉटवर पडतो तो ओढ्याकाठचा निघाला की माळावरच्या सगळ्यांचा विमा गेला. आमचं गाव एका मंडळात, शिवेला शिव असलेलं मामाचं गाव दुसऱ्या मंडळात. मामाला मिळालं, आम्हाला नाही. आई अजून मामाला विचारते, तुमच्या रानात असा कुठला पाऊस पडला?

---

मक्यातला_मुक्काम

अगदी तसंच. इथे भाव पडण्याच्या योजनेऐवजी दुसरी एक निवडता येते. तिच्यात काउंटीचं सरासरी उत्पन्न हमीपेक्षा कमी झालं तरच पैसे. तुमचं एकट्याचं रान गारपिटीने झोपलं आणि काउंटी चांगली पिकली, तर त्या योजनेतून काही नाही. त्यासाठी विमा वेगळा काढायचा. विम्याच्या हप्त्यातला सरासरी साठ टक्क्यांच्या आसपास वाटा सरकार भरतं. या विम्याच्या मदतीची नावानिशी यादी मात्र कुठेही जाहीर होत नाही. म्हणजे यादी बघून शेजाऱ्याविषयी जे मत आपण बनवतो ते अर्ध्या माहितीवर असतं, आणि हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

---

देगलूर_सीमा

आमच्यापासून तेलंगण हाकेच्या अंतरावर. 2018 ला तिकडे रयतु बंधू आलं, एकरी हंगामाला 4,000, पुढे 5,000. सुरुवातीला मर्यादाच नव्हती. पन्नास एकरवाल्याला पन्नास एकरांचे, आणि कौलाने, म्हणजे भाड्याने, करणाऱ्याला काही नाही. आमच्या पाहुण्यांत दोघे सख्खे मेहुणे, एक मालक आणि एक त्याचंच रान कौलाने करणारा. पैसे सुरू झाले त्या वर्षी मालकाने कौल वाढवला. कारण विचारलं तर म्हणाला, रानाची किंमत वाढली. तुमची आयोवाची गोष्ट वाचली आणि वाटलं, हा आमचाच माणूस.

ओडिशाने मात्र कालिया योजनेत वाटेकरी आणि भूमिहीन मजूर घेतले होते. म्हणजे करायचं म्हटलं तर करता येतं.

---

पाऊलवाट

मी थोडं वेगळं मांडते. पीएम किसानच्या पोर्टलवरही गाववार लाभार्थी यादी दिसते, कोणीही बघू शकतं. आमच्या गावात ती यादी कोणीतरी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली आणि दोन दिवस नुसती चिखलफेक झाली. अमका आयकर भरतो तरी घेतो, तमक्याला पेन्शन आहे. काही खरं होतं, काहींनी नंतर पैसे परतही केले. पण त्या यादीत कोण नाही, हे एकानेही विचारलं नाही.

माझी आई त्या यादीत नव्हती. बाबा 2021 मध्ये गेले. हप्ता बंद झाला, ते बरोबरच. मग वारस नोंद लावायला गेलो. एका काकांनी हरकत घेतली, फेरफार अडकला. दोन वर्षं. त्या दोन वर्षांत दोन्ही खरीप आईने केले, मजूर लावून, दागिना गहाण ठेवून. कार्यालयात प्रत्येक वेळी एकच प्रश्न, "सातबाऱ्यावर नाव आहे का?" तिच्या हाताला रुमण्याचे घट्टे आहेत. ते दाखवायचा रकाना कुठल्याच फॉर्ममध्ये नाही.

शेतकरी संघटनेचा विषय निघालाय तर लक्ष्मीमुक्तीही आठवावी. नवरा जिवंत असताना बायकोचं नाव जमिनीवर लावा, असं हजारो शेतकऱ्यांना सांगितलं होतं आणि अनेकांनी लावलंही. आमच्या बाबांनी नाही लावलं. वाईट नव्हते ते. सुचलंच नाही त्यांना.

---

अटलांटा_पेठ

@पाऊलवाट, तुमचं वाचून इथलं एक लिहावंसं वाटलं. मक्यातला_मुक्काम यांनी आयोवा सांगितलं, तिथले शेतकरी बहुतेक गोरे. मी जॉर्जियात आहे. 1920 साली अमेरिकेत नऊ लाखांच्या वर कृष्णवर्णीय शेतकरी होते. पुढे जमिनी गेल्या, त्याला कारणं बरीच, पण एक कारण काउंटी पातळीवर होतं. कर्ज आणि मदत कोणाला द्यायची यात शेतकऱ्यांमधून निवडलेल्या काउंटी समितीचा हात असायचा, आणि दक्षिणेत या समित्या गोऱ्यांच्या ताब्यात. अर्ज पडून राहायचे, पेरणी उलटून गेल्यावर मंजुरी यायची. पिगफर्ड नावाच्या खटल्यात 1999 साली सरकारने तडजोड मान्य केली आणि पुढे एक अब्ज डॉलरच्या आसपास रक्कम दिली.

माझ्या कामावरचे एक गृहस्थ, वय सत्तर, त्यांच्या वडिलांचं रान असंच गेलं. मृत्युपत्र नव्हतं, वारस पाच राज्यांत पांगलेले, कागदावर कोणाचंच नाव नीट नाही. कागद नीट नाही म्हणून मदतीच्या योजनेत नोंदणी नाही, म्हणून दुष्काळात आधार नाही, आणि शेवटी विक्री. तुमच्या आईची वारस नोंद वाचताना तेच डोळ्यांसमोर आलं.

---

बांधावरचा_बाभूळ

सगळे वाटेकऱ्याची बाजू घेताय. मालकाची पण ऐका. मी नोकरीसाठी नाशिकला. रान विकलं तर परत मिळणार नाही आणि स्वतः करता येत नाही. कर, विहिरीची दुरुस्ती, सोसायटीचं जुनं कर्ज माझ्या डोक्यावर. 12,000 मला मिळतात ते मी विहिरीत घातले. त्या पाण्यावर वाटेकरीच पीक घेतो.

---

मक्यातला_मुक्काम

@बांधावरचा_बाभूळ, तुम्ही घातले म्हणून बरं झालं. माझ्या घरी काय झालं ते प्रामाणिकपणे सांगतो. हे पैसे वडिलांच्या औषधांना जातात. तेही खरंच आहे. पण त्या योजनेचं नाव शेतकरी सन्मान आहे, वृद्ध सन्मान नाही. वडिलांना औषधाला पैसे हवेत तर ते मी पाठवायला हवेत.

आणि मालकांनी चोरी केली असं मी म्हणतच नाही. ॲरिझोनाच्या बाईंनीही कायदा मोडला नाही. 2006 मध्ये वॉशिंग्टन पोस्टने दाखवलं होतं की 2000 पासून 1.3 अब्ज डॉलर अशा लोकांना गेले जे शेतीच करत नव्हते. टेक्सासात भाताची जुनी रानं घरांसाठी प्लॉट पाडून विकली, आणि मागच्या अंगणाबरोबर अनुदानाचा हक्कही घर घेणाऱ्याकडे गेला. सगळं कायदेशीर. त्या प्रकारची थेट रक्कम पुढे 2014 च्या कायद्याने बंद झाली, पण बेस एकर तसेच राहिले.

एका बाबतीत मात्र इथला कसणारा तात्यांपेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. आयोवात शेतीचा करार 1 मार्चला संपतो, आणि तो संपवायचा असेल तर मालकाने 1 सप्टेंबरपर्यंत लेखी नोटीस द्यायला लागते. नाही दिली तर त्याच अटींवर करार आपोआप वर्षभर पुढे जातो. काउंटी समितीच्या निवडणुकीत भाड्याने कसणाऱ्याला मतही असतं. तात्यांचा करार पाडव्याला होतो, तोंडी, गुळाच्या खड्यावर. वडिलांच्या मनात आलं तर तो पाडव्याला संपेलही.

मग मी ठरवलं की तात्यांच्या नावाने निदान पीकविमा तरी निघावा. चौकशी केली. भाडेकरार नोंदणीकृत लागतो म्हणाले. वडिलांना फोन केला, करार करू या म्हटलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अन् कूळ लागलं म्हणजे?"

---

जुना_सातबारा

महसूल खात्यात अठ्ठावीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे. तुमच्या वडिलांची भीती अडाणीपणाची नाही, कायद्यातली आहे. सोलापूरला 1948 चा मुंबई कुळवहिवाट कायदा लागू. 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन, त्या दिवशी कसणारी कुळं मालक मानली गेली. पण कायदा तिथेच थांबला नाही. त्यानंतर नव्याने निर्माण झालेल्या कुळालाही कलम 32-ओ खाली वर्षाच्या आत जमीन खरेदीचा हक्क सांगता येतो. विदर्भ आणि मराठवाड्याला वेगळे कायदे, पण धसका सगळीकडे सारखाच.

त्या कायद्याने लाखो कुटुंबांना जमीन मिळाली, आमच्या आजोबांना त्यानेच मिळाली. तो चुकीचा होता असं मी कधीच म्हणणार नाही. पण आज त्याचा परिणाम असा की कोणी मालक वाटेकऱ्याचं नाव कागदावर येऊ देत नाही. पीकपाहणीला मी गावोगाव फिरलो आहे. बांधावर उभा माणूस वेगळा, रकान्यात नाव वेगळं, आणि दोघेही मला चहा पाजून सांगायचे, राहू द्या साहेब. मी राहू दिलं. 2021 पासून ई-पीक पाहणी मोबाइलवर आली, आता शेतकरी ओळख क्रमांक आला. दोन्हीचा पाया सातबाराच. जी माणसं तेव्हा कागदावर नव्हती ती आता स्क्रीनवरही नाहीत.

नीती आयोगाने 2016 मध्ये भाडेपट्ट्याचा नमुना कायदा तयार केला. मालकाचा हक्क पक्का आणि कसणाऱ्याला कर्ज, विमा, मदत मिळेल असा. आंध्रने 2019 मध्ये अकरा महिन्यांचं कसणाऱ्याचं कार्ड काढलं, त्यात मालकी हक्काला धक्का नाही. महाराष्ट्रात असं काही होईपर्यंत तुमच्या वडिलांनी चांगल्या वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नये. आणि तात्यांना हे सगळं समोर बसवून सांगावं, त्यांच्यापासून लपवू नये. त्यांनाही कायदा माहीत असतो.

---

पाऊलवाट

आईचा फेरफार मागच्या वर्षी मंजूर झाला, हे लिहायचं राहिलं. सातबारा हातात आल्यावर तिने तो देवाजवळ ठेवला नाही. पिशवीत घालून थेट सोसायटीत गेली, पीककर्जाचा फॉर्म घ्यायला.

---

मक्यातला_मुक्काम

@जुना_सातबारा, मनापासून आभार. वडिलांना तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. 32-ओ पर्यंत आल्यावर म्हणाले, बघ. आंध्रचं कार्ड ऐकून मात्र दोनदा विचारलं, हे आपल्याकडे कधी येणार?

वकिलाची वेळ घेतली आहे. करार होईल की नाही, सांगता येत नाही. तोवरचं एक ठरलं. औषधांचे पैसे मी इथून वेगळे पाठवतो. पुढचा हप्ता पडला की वडील तो काढून बियाणं-खतात तात्यांच्या वाट्याला घालणार आहेत. वडिलांनी तात्यांना सांगितलं तेव्हा ते आधी घ्यायलाच तयार नव्हते. म्हणाले, सरकारनं तुमच्या नावानं दिलंय. वडील म्हणाले, नाव माझं आहे, पेरलंस तू.

काल तात्यांनी फोटो पाठवला. ज्वारी गुडघ्याएवढी झाली आहे.